सासवडचं कुसळ, परदेशी माती

वारा अजिबात नव्हता. तरीही वेणूच्या ओल्या तळहातावर पडलेली काडी आपोआप गोल फिरत होती.

"आजोबा, ही जिवंत आहे का हो?"

जपानच्या दक्षिण टोकाकडच्या एका दमट बेटावर, जंगलाच्या वाटेत चादर अंथरून दोघं दशम्या खायला बसली होती. आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी काडी निरखली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"कुसळ आहे हे. आपल्या सासवडच्या माळावरचं. त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं टोकाचं बी स्क्रूसारखं मातीत घुसतं."

"स्वतःच स्वतःला पेरतं? भारीच की!"

"माळावर भारी. इथं नाही. इथं ते आक्रमक प्रजाती ठरेल (बाहेरून येऊन मूळ जिवांची जागा बळकावणारी जात). त्याला खाणारं, रोखणारं इथं कोणी नाही. ते पसरलं, तर या बेटाखेरीज जगात कुठेच नसलेली ऑर्किडं जातील."

"पण जेटीवर खेकड्यानं आपले बूट घासले होते की!"

खेकड्या म्हणजे त्यांचा सहा पायांचा वाटाड्या यंत्रमानव. तो पुढे वाट बघत थांबला होता. बूट त्याने घासले होते, पण तेव्हा पिशवीत असलेली ही सोलापुरी चादर? दिवाळीत हीच माळावर अंथरली होती. वेणूने ती उलटली. विणीत कुसळंच कुसळं.

परकं बी सापडलं की तिथूनच माघारी फिरायचं, हा बेटाचा नियम. धबधबा जेमतेम अर्ध्या तासावर होता. त्याच्यासाठी दोन वर्षं नंबर लावला होता आणि उद्या तर परतीची बोट.

"खेकड्यानं पाहिलं नाहीये," ती पुटपुटली.

आजोबांनी दशम्यांचा डबा बंद केला.

मोठी माणसं अशा वेळी काय करतात, ते वेणूला ठाऊक होतं. चादर झटकतात, फोटो काढतात, निघून जातात आणि घरी येऊन निसर्गावर भाषण ठोकतात. तिला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

"ए खेकड्या! मागे ये! आमच्या चादरीत कुसळं आहेत!"

चादर पिशवीत बंद झाली. मग तिघांनी गुडघे टेकून माती चाळली. काही कुसळं अर्धी घुसलीसुद्धा होती. शेवटचं निघालं तेव्हा ऊन कललं होतं. धबधब्याचा नुसता आवाज ऐकत ते परत फिरले.

"अंथरूण-पांघरूण तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं," खेकड्या म्हणाला. "आता सगळ्या बेटांना कळवलंय. आजपासून तेही तपासायचं."

"माझी नात आहे म्हटलं!" आजोबांनी मिशीवरून हात फिरवला.

जेटीला नवी बोट लागली. खेकड्याने वेणूला तपासणीच्या टेबलामागे उभं केलं. समोर एक उंचापुरे गृहस्थ कपाळाला आठ्या घालून थांबले.

वेणूने मान ताठ केली. "काका, बूट नंतर. आधी पिशवी उघडा. सगळी!"

खेकड्याने ते जपानीत सांगितलं, तिच्याइतक्याच ठसक्यात. काकांनी मुकाट्याने पिशवी उघडली.