मार्ग मोकळा

ऑल्डरविकच्या स्टेशनातून शेवटची गाडी सुटली, त्याला तीस वर्षं झाली. रूळ उखडून नेले, दोन फलाटांच्या मधे गुडघाभर गवत वाढलं. पण तिकीटघर, चहाची खोली आणि सिग्नलची केबिन गावाने जपली आहे. मे महिन्यात दर गुरुवारी मी शाळेतल्या मुलांना तिथे नेते. एके काळी इथून दिवसाला अकरा गाड्या जात, सकाळच्या गाडीने दुधाचे डबे आणि जूनमध्ये स्ट्रॉबेरीच्या करंड्या लंडनला जात, हे त्यांना ऐकायला आवडतं. सगळ्यात जास्त आवडते ती केबिनमधली घंटा.

त्या गुरुवारी केबिन दाखवायला मिस्टर पिम आले होते. हे इथले शेवटचे स्टेशनमास्तर. चहाची खोली एडना स्टॅग सांभाळते. तिचे वडील इथे सिग्नलवाले होते. १९५१ साली दुधाची गाडी फलाटाला उभी असताना त्याच रुळावर मागून दुसरी गाडी आली आणि सहा माणसं गेली. पलीकडच्या स्टेशनाच्या घंटेला 'मार्ग मोकळा' असं उत्तर स्टॅगनेच दिलं, अशी साक्ष त्याच्या जोडीला असलेल्या तरुण पिमने दिली. स्टॅगची नोकरी गेली, रेल्वेचं घर गेलं, आणि दोन वर्षांत तो खचून मेला. आपण त्या वेळी दिव्यांत तेल भरायला खाली गेलो होतो, एवढंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पिमने एकदा चारचौघांत खरं बोलावं, यासाठी एडना पंचेचाळीस वर्षं थांबली होती.

मी मुलांना घंटेची रीत समजावत होते. पलीकडचं स्टेशन ठोके देऊन विचारतं, गाडी पाठवू का? मार्ग मोकळा असेल तर आपण हे पितळी बटण दाबून तितकेच ठोके परत द्यायचे. रुळावर गाडी उभी असेल तर गप्प बसायचं. आपलं गप्प बसणं हाच नकार.

"आणि बाई, सवयीने हात गेला तर?" मुलांतल्या रोवेनाने विचारलं.

पिम हसले. "मग पोरी, तुला कामावर कोण ठेवील? आमच्याकडे एकाचा गेला होता तसा."

बिस्किटं घेऊन वर आलेली एडना दारात थांबली. "कुणाचा, मिस्टर पिम? मुलांना नाव सांगा की."

"तुझ्या बापाचा, एडना. किती वेळा तेच तेच विचारशील?"

ताटली टेबलावर ठेवून एडना जिना उतरून फलाटावर गेली. मी मुलांना तिच्यामागे जायला सांगितलं. पिम मला आपल्या चहात साखर किती हवी ते सांगू लागले.

घंटा वाजली. चार ठोके.

तिच्या तारा जमिनीखाली कधीच्या तोडलेल्या आहेत. त्यांची टोकं मीच मुलांना दाखवते.

पिम बोलतच होते. त्यांचा उजवा हात उचलला गेला, पितळी बटणावर गेला, आणि त्याने चार ठोके परत दिले. स्वच्छ, सारख्या अंतराने. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

पुन्हा घंटा. दोन ठोके.

"गाडी निघाली तिकडून," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी खिडकी उघडली. खाली सगळी मुलं होती.

"एडना, ते उत्तर मी दिलं होतं. तेव्हाही मीच. तुझा बाप खाली होता. आता थांबव हे."

एडनाने मान वर केली. "मी कुठे काय करतेय? गाडीला मार्ग मोकळा तुम्ही दिलात, मिस्टर पिम."

कोपऱ्यातलं लाल निशाण उचलून ते जिना उतरले, फलाटाच्या उतारावरून गवतात गेले आणि पुलाच्या दिशेने धावू लागले. या वयात माणूस इतकं धावतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

वारा नव्हता.

पुलापलीकडचं गवत आडवं होऊ लागलं. दोन सरळ, समांतर रेघांत.

एडनाने दोन्ही हात पसरले आणि मुलांना हळूच मागे लोटलं.

"भिंतीशी उभे राहा, बाळांनो," ती म्हणाली. "ही इथे थांबत नाही."