करंगळीवरची भाकरी

"अहो, हात भाजतोय तुमचा!"

टेंभी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जागृतीने दचकून खाली पाहिलं. वाफाळता ग्लास करंगळीला टेकलेला, बोट लालबुंद… आणि तिला पत्ताच नव्हता! कोपरातली नस मोकळी करायचं ऑपरेशन होऊन उन्हाळा सरला, तरी हाताची शेवटची दोन बोटं झोपलेलीच होती.

ओरडणारा तरुण तिचा ग्लास बाजूला ठेवून खुशाल तिची बोटं हातात घेऊन न्याहाळू लागला.

"ओळख ना पाळख, थेट हात?" तिने भुवई उडवली.

"सुश्रुत. फिजिओथेरपिस्ट… समोरच क्लिनिक आहे," तो चपापला. "व्यायाम काय करता?"

"रबरी चेंडू दाबते. आधीच्या क्लिनिकात तेच सांगितलेलं."

"आणि ऑपरेशनआधी हा हात काय करायचा?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जागृती डोंबिवलीकडच्या आगरी घरातली. हळदीच्या जेवणांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवायचा तिचा धंदा. परातीत थापायची नाही, ओल्या तळहातांवर फिरवत मोठी करायची. आता प्रत्येक भाकरी कडेला फाटत होती. आईने धंदा कसाबसा धरून ठेवलेला, पण नाव जागृतीचं होतं आणि ते तिला परत हवं होतं.

"मग तुम्हाला मूठ आवळायची नाही, बोटं पसरायचीत," सुश्रुत म्हणाला. "चेंडू राहू दे. उद्या भाकरीची उकड घेऊन या."

कोमट उकडीत बोटं पसरणं सुरू झालं. मग डोळे मिटून ओळखायचं — हातात तांदूळ आहेत, कापूस की काथ्या?

"बघताय तुम्ही! चीटिंग!"

"तुम्ही समोर असताना डोळे मिटायचे कसे?" ती म्हणायची आणि तो उगाचच कापूस शोधत बसायचा. आवडतो हा आपल्याला, तिने स्वतःशी सरळ कबूल करून टाकलं.

नाक्यावर नवरात्राचा मांडव उभा राहत होता, तेव्हा एके सकाळी भाकरी अख्खी उतरली. डबा घेऊन ती क्लिनिकात धावली. सुश्रुतने एक घास खाल्ला, खुलला… आणि मग नजर चोरत म्हणाला, "उद्यापासून इथल्या दुसऱ्या फिजिओ, प्रिसिला मॅडम, बघतील तुम्हाला. मी… नाही."

जागृतीचा चेहराच उतरला. "का? कंटाळलात?"

"नाही हो! पेशंटला मी… तसं काही विचारू शकत नाही. म्हणून."

"तसं म्हणजे कसं?"

त्याचे कान लाल झाले. जागृतीच्या जिवात जीव आला. हा काही बोलायचा नाही, तिने ओळखलं. डोळे घट्ट मिटून तिने हात पुढे केला.

"चला, शेवटचं ओळखायचं. ठेवा काहीतरी."

करंगळीवर अलगद काहीतरी टेकलं. उबदार, बोटाच्या पेराएवढं.

"कळलं?" त्याने हळूच विचारलं.

तिने ते बोट घट्ट धरलं. "करंगळीला आत्ता कळलं… मला तर टपरीवरच कळलेलं, सुश्रुत."