शुक्रिया म्हणायचं राहिलं

उरणच्या गोदामात काशिफा तावातावाने शिरली आणि दारातल्या तरुणावर जवळजवळ आदळलीच.

"आमचे खजूर कोरडे ठणठणीत आलेत. मग दुसऱ्यांच्या तोट्यात आम्ही का वाटा उचलायचा?"

अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून धंदा तीच बघत होती. तो तरुण, हुझैफा, जहाज कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेला. त्याने शांतपणे स्टूल पुढे सरकवलं.

"याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात."

"अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. तेवढं कळतं मला!"

"तो अर्थ नंतरचा. मूळ शब्द बहुतेक अरबी... अवार. खराब झालेला माल. वादळात जहाज वाचवायला काहींचा माल समुद्रात टाकायचा आणि तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्या वाटणीवरूनच पुढे सरासरी आली." त्याने खजुरांच्या पेट्यांकडे बोट दाखवलं. "या खेपेला दुसऱ्यांचे कंटेनर समुद्रात टाकले... म्हणून तुमचे खजूर किनाऱ्याला लागले."

काशिफाचा राग ओसरला. माल पोचला तेव्हा तिने अल्लाचे आभार मानले होते. माणसांचे राहूनच गेले होते.

"कोणाचे होते ते?"

"एकात अलिबागच्या फिरोजाखालांचं सामान होतं. कुवेतहून कायमच्या परत आल्या. अख्खा संसार गेला."

रविवारी ती खजुरांची पेटी घेऊन अलिबागला निघाली. वाट दाखवायला हुझैफा आला — फोनवर नकाशा असताना! भुरभुर पाऊस, छत्री एकच... आणि तो निम्मा बाहेर.

"नीट आत या ना."

"खजूर भिजतील," तो हसला.

फिरोजाखालांच्या घरात भिंतींशिवाय काही नव्हतं. चहा शेजारणीच्या कपांतून आला. "तुमचा माल गेला म्हणून आमचा वाचला, खाला. शुक्रिया," म्हणत काशिफाने पेटी पुढे केली. खालांचे डोळे भरले.

"हळहळायला पुष्कळ आले गं... शुक्रिया म्हणायला तूच." मग दोघांकडे बघत त्या म्हणाल्या, "निकाह कधी झाला तुमचा?"

काशिफाचा कप हिंदकळला. हुझैफाचे कान लाल.

"झाला नाही, खाला. मी अजून... विचारलंच नाही."

"मग विचार की! चहा निवतोय."

त्याने काशिफाकडे पाहिलं. "विचारू?"

"मला नको," ती हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"अब्बांना विचारा. शुक्रवारी या... तुमच्या अम्मींना घेऊन. आमची अम्मी सांदणं करेल." मग तिने फिरोजाखालांचा हात धरला. "आणि खाला, तुम्हीही यायचंच. माझ्या बाजूने बोलायला कुणीतरी मोठं नको का?"