शेवटच्या कथेतल्या कोऱ्या ओळी

जुन्या पुस्तकांचा दुकानदार सकाळीच जिना चढून आला. कापडात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आजच येणार आहे. पाचला न्यायला येतो. आत पेन्सिलीची एक रेघ दिसता कामा नये."

जुनी पुस्तकं स्वच्छ करणं हे तिचं काम. ती ते घरीच करायची, कारण आतल्या खोलीत आई होती. दहा महिन्यांपूर्वी आईची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. एके काळी घर डोक्यावर घेणारी बाई. आता कूस बदलायलाही लेकीचे हात लागत. आईनं एकदा बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील, एवढंच तिचं मागणं होतं.

पुस्तक म्हणजे कुणा प्रयोगशील लेखकाचा पहिला कथासंग्रह, आणि तोच शेवटचा. प्रती निघाल्या तीनशे, उरल्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे संग्राहक हात धुऊन मागे लागलेले. एक कथा नुसत्या तळटीपांची, दुसरी शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारी. "सरळ चालायचं वावडंच दिसतंय याला," ती पुटपुटली.

शेवटच्या कथेत फक्त प्रश्न छापले होते. प्रत्येक प्रश्नाखाली एक कोरी ओळ, वाचकानं भरायची. आधीच्या मालकांनी ती पेन्सिलीनं भरली होती. अक्षरं तीन-चार हातांची, दाटीवाटीनं लिहिलेली. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मात्र सगळ्यांचं एकच.

घरात कोण आहे? कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

तिनं मऊ रबर फिरवलं, भुगा ब्रशनं झटकला. खाली जिन्याचं दार वाजलं. भर दुपारी कोण आलं, म्हणून तिनं कानोसा घेतला. सामसूम.

आत कोण निजलंय? इथंही तेच, कोणी नाही. तिनं ते पुसलं. आता जिन्यावर पावलं वाजू लागली... सावकाश, एकेका पायरीवर थांबत. कुबट ओलीचा वास आला. तिला बसवेना. उठून तिनं दाराची कडी पाहिली, आईकडे डोकावली, पुन्हा येऊन बसली. कामाला तर पाचची मुदत होती.

दाराला कडी आहे का? आहे. तेही पुसलं, आणि पावलं थांबली. गेलं वाटतं कोणी होतं ते. तिला जरा हायसं वाटलं.

शेवटचा प्रश्न: येऊ का?

खाली सगळ्यांनी 'नको' लिहिलं होतं, कागद फाटेल इतक्या जोरानं. ते निघता निघेना. अखेर निघालं.

दारावर हलकीशी टकटक झाली.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झडप घालून तिनं पेन्सिल उचलली. नको... नको... पण रबरानं गुळगुळीत झालेल्या कागदावर शिसं उमटेचना.

"ये ना," आतून आवाज आला. "किती वाट बघायची..."

आईचा आवाज. तिच्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले. पाठीमागे कडी आपसूक निघाली. दारात कोणीच नव्हतं. ती आत धावली. आई आपली आपण भिंतीकडे सरकली होती, आणि पलंगाच्या कडेला तिनं एका माणसापुरती जागा करून दिली होती.

पाचला दुकानदार आला. पानं चाळून खूश झाला. "झकास. फक्त शेवटची ओळ राहिली बघा."

'येऊ का?'च्या खाली, थरथरत्या पण ओळखीच्या, आईच्या अक्षरात एकच शब्द होता. ये.

"दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. "पुसून टाका."

तिनं रबर उचललं. आत आई बोलत होती. मध्येच थांबायची, कुणाचं तरी ऐकून घ्यायची, हसायची, पुन्हा बोलू लागायची. हा शब्द पुसला की ते हसूही जाणार, हे तिला कळत होतं. तिनं रबर डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"आईंना वाचा आली?" दुकानदार थक्क झाला. "बोलताहेत कुणाशी? आत कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली.