आधीच लावलेला क्रम

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस कोलशेतला. एका हॉस्पिटलची किडनीसाठी थांबलेल्यांची यादी मी सांभाळतो. नोंदणीच्या तारखेने लावलेली ती यादी उघडायला चाळीस सेकंद लागायची, आणि हॉस्पिटलच्या देवयानी मॅडम रोज फोनवर कटकट करायच्या. त्याच यादीत माझी चित्राताई होती, एकशे बारावी. डोंबिवलीला राहते, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणून हे काम मी जीव लावून केलं.

तारखांचा इंडेक्स बांधला. म्हणजे क्रम आधीच लावून ठेवायचा, मागितल्यावर नुसता वाचायचा. यादी चुटकीसरशी उघडली. मग मी नको तो शहाणपणा केला. क्रम आयताच मिळतोय, तर क्वेरीत, म्हणजे यादी मागवणाऱ्या आज्ञेत, तो लावायला सांगायचा कशाला? ती ओळच काढून टाकली. ती नसली की क्रमाची हमी नसते. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा करतो.

सोमवारी सगळ्यात वर मोहने गावचे एक काका आले. नोंदणी गेल्याच महिन्यातली. क्रम विस्कटलाय, म्हटलं, बघू जेवल्यावर. दुपारी मॅडमचाच फोन आला.

"ते पहिलं नाव काढा."

"किडनी मिळाली?"

"नाही हो. गेले."

मंगळवारी वर कोपरीच्या गोदूबाई होत्या. संध्याकाळच्या आत त्याही गेल्या. क्रम चुकलाय हे मी मॅडमना सांगितलं नाही. आपलीच चूक, कोण सांगतं? एकेक कॉलम तपासला. ना तारीख, ना वय, ना रक्तगट. यादी ज्याने लागत होती तो कॉलम टेबलात नव्हताच.

बुधवारी ताई दुसरी होती.

ती ओळ परत घातली. क्रम तोच. इंडेक्स उडवला. आता चाळीस सेकंद लागायलाच हवेत.

चुटकीसरशी उघडली.

ताईचं नावच काढून टाकलं. किडनी कधीच मिळणार नाही हे कळत होतं, तरी काढलं. पुन्हा उघडली.

नाव तिथेच.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. ती हसत होती. किती महिन्यांनी.

"मुकुल, अरे, मॅडमचा फोन आलेला. माझा नंबर पहिला आलाय म्हणे. तुला माहीत असणार, बोलला नाहीस."

मी यादी उघडली. सगळ्यात वर ताईचं नाव.

"पिशवी भरून बसलेय मी. ऐकतोयस ना? तुझं फार कौतुक करत होत्या रे. म्हणाल्या, तुमच्या भावाने यादी किती फास्ट केली."