पंधरा पायऱ्यांचा जिना

मी लिहिणारा माणूस नाही. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. जे झालं ते झालं तसं सांगतो. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या. पटत मलाही नाही, पण मी तिथे होतो.

आमचं गाव ताल, फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातलं. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, मंगळवार, दुपारचे तीन.

रात्र नव्हती. पाऊस उघडला होता आणि ऊन पडलं होतं. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता.

त्याआधीचं सांगायला हवं.

घर माझ्या बायकोच्या आजोबांचं. खाली दगडी भिंती, वर लाकडी मजला, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. राहायचं वर. खाली सायकल, पोती, जुनं सामान. मी या घरात कधी सुतार आणला नाही, रंगारी आणला नाही. गळकं छप्पर असो की कुजलेली चौकट, सगळं माझ्या हातचं.

माझं नाव मेलेन, बायकोचं कोन्सिंग. तिचे गुडघे गेले होते. जुना जिना तेरा पायऱ्यांचा, एकेक पायरी नऊ इंच उंच. ती दोन्ही पाय एका पायरीवर आणायची, श्वास घ्यायची, मग पुढची.

म्हणून मी जिना नव्याने बांधला. बुटक्या पायऱ्यांचा.

आमच्याकडे पायऱ्या मोजून बांधतात. पहिली सोनं, दुसरी चांदी, तिसरी मरण. चौथी परत सोनं. असं वरपर्यंत मोजायचं. शेवटची पायरी मरणावर येता कामा नये. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला सोळा पायऱ्या हव्या होत्या. सोळावी सोनं. पण सोळावी घातली की खालचं दार तिला अडत होतं. दार काढून उलटं बसवावं लागलं असतं. एका दिवसाचं काम.

मी कंटाळा केला. पंधरावर थांबलो.

कोन्सिंग पहिल्यांदा चढली तेव्हा तिचे ओठ हलत होते. वर आल्यावर म्हणाली, "एक राहिली, मेलेन."

"पुढच्या महिन्यात घालतो. गुडघ्यांना बरं वाटतंय ना?"

"गुडघे खूश आहेत. बाकीच्या अंगाचं बघू."

आम्ही दोघंही हसलो.

चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, ती बाजारातून आली. मी टेबलावर उभा राहून छताला रंग देत होतो. जिन्यातून तिची हाक आली. "मेलेन, जरा पिशवी घे."

मी म्हणालो, "एवढा पट्टा पुरा करून येतो." मध्येच ब्रश उचलला की रंगाचा सांधा दिसतो.

पट्टा पुरा केला. ब्रश धुतला. मग गेलो.

ती सर्वांत वरच्या पायरीवर बसली होती, कठड्याला डोकं टेकून. पिशवी मांडीवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

ऑगस्टमध्ये मुलीचा फोन आला. लिगाया, आमची एकुलती एक. सातवा महिना चालू होता. नवरा मालवाहू जहाजावर, डिसेंबरपर्यंत येणार नव्हता. "तातय, मी बाळंतपणाला घरी येऊ?"

तातय म्हणजे बाप. हे विचारायचं असतं का? मी म्हणालो, ये.

कोन्सिंगची थोरली बहीण पुरिंग दोन घरं सोडून राहते. तिला मी आते म्हणतो, म्हणजे ताई. ती कॉफीचा पेला खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"या जिन्यावरून पोटुशी पोर चढवणार तू?"

"आते, बायको हृदयाने गेली. जिन्याने नाही."

"बसली कुठे होती ती?"

मी तिचा पेला परत भरला.

"तुझ्या हाताला लाकूड कळतं रे. बाकी तुला काही कळत नाही. पोर यायच्या आत सोळावी घाल. ती आली की घरात हातोडा चालवायचा नाही. गर्भाला लागतो."

लिगाया शनिवारी येणार होती. सोमवारी मी दार काढलं आणि बाहेर उघडेल असं बसवलं. एका दिवसात झालं. मंगळवारी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी सिमेंटची पायरी ओतली. वर ओलं पोतं टाकलं.

सोळा झाल्या. सोनं.

दुपारी लिगायाच्या खोलीत भिंतीची पुट्टी घासत होतो. दारं-खिडक्या उघड्या. तीन वाजता...

जिन्यावर पाऊल वाजलं.

मला वाटलं, आते आली. हाक मारली, "ओल्या पायरीवर पाय देऊ नकोस."



परत पाऊल. मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मग... श्वास.

मी मोजायला लागलो. का, ते माहीत नाही. सात. आठ. अकरा. चौदा. पंधरा.

मग लाकूड करकरलं. कोणीतरी खाली बसताना करकरतं तसं.

मी बाहेर आलो. जिना रिकामा होता. खाली पोतं जसंच्या तसं. काढून पाहिलं, सिमेंटवर ओरखडासुद्धा नव्हता.

बुधवारी तीन वाजता तेच. पंधरा. मग करकर.

आतेला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"नवीन पायरी तिला कुठे माहीत आहे? लाकडाच्या तेवढ्याच मोजते. तिला सांग."

"काय सांगू?"

"आता सोळा आहेत म्हणून सांग. वर घरात ये म्हणावं, नाहीतर आपल्या वाटेने जा. पण तिथे बसू नकोस."

गुरुवारी तिनाच्या आधी मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. लाज वाटत होती. तरी बोललो. "कोन्सिंग, सोळावी घातली. उशीर झाला. लिगाया येतेय, तिला वाट दे."

त्या दिवशी आवाज आला नाही.

शुक्रवारीही नाही.

मला बरं वाटलं. खोलीला फिकट पिवळा रंग दिला. पाळणा टांगायला आढ्याला कडी मारली. पडदे लावले. आता पोर येऊ दे, असं मनात आलं.

शनिवारी दुपारी लिगाया आली. आते तिची बॅग घेऊन खाली उभी. मी वर.

"दार कोणी उलटं बसवलं?" लिगायाने विचारलं.

"तुझ्या बापाने," आते म्हणाली. "अक्कल आली त्याला. जरा उशिराने आली."

लिगाया हसली आणि लहानपणासारखी मोठ्याने मोजत चढायला लागली. "सोनं. चांदी. मरण. सोनं. चांदी..."

एक हात कठड्यावर, एक पोटावर.

"...सोनं. चांदी. मरण." ती माझ्यासमोर उभी होती. हसू गेलं होतं. "तातय, मरणावर आली."

"चुकलीस. सोळा आहेत."

"पंधरा आहेत."

"खाली जाऊन परत मोज," मी म्हणालो. तिला त्या अवस्थेत परत खाली पाठवलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

या वेळी मी तिच्या पायांकडे बघत होतो.

तेरा. चौदा. पंधरा. आणि मग...

तिने पाय उंच उचलला, जरा बाजूला घेतला आणि थेट वरच्या मजल्यावर ठेवला. वाटेत कोणी बसलं असलं की आपण ओलांडतो तसा. सर्वांत वरच्या पायरीला तिचा पाय लागलाच नाही.

"पंधरा," ती म्हणाली.

"लिगाया, तू एक पायरी ओलांडलीस."

"कुठे? एकेक तर चढले. तातय, तुमचा चेहरा असा का झालाय?"

तिला खरंच माहीत नव्हतं.

मी आतेकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "लिगाया, खाली ये बाळ. माझ्याकडे राहायचं तू. रंगाचा वास बरा नाही तुला." उतरताना मी तिचा हात धरला.

उतरतानाही तिने ती पायरी ओलांडली.

त्या दोघी गेल्या. अंधार पडल्यावर मी कंदील आणि झाडू घेऊन जिन्यावर आलो. आठवडाभर पुट्टी घासत होतो, पांढरी भुकटी सगळीकडे बसली होती. प्रत्येक पायरीवर चपलांचे ठसे होते. माझे आणि लिगायाचे, येतानाचे आणि जातानाचे, एकावर एक.

सर्वांत वरच्या पायरीवर एकही नव्हता.

भुकटी सपाट होती. कोणी बसल्याची खूणही नव्हती. दिवसातून वीस वेळा मी चढलो-उतरलो होतो. त्या पायरीवर मी एकदाही पाय ठेवला नव्हता.

आणि मला ते कळलं नव्हतं.

कधीपासून? त्या आठवड्यापासून? की फेब्रुवारीपासून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना तोडला. पहार घेतली आणि खालून वर एकेक पायरी उखडत गेलो. वरची शेवटी राहिली. तिचे खिळे मीच ठोकले होते, पण निघता निघेनात. निघाली तेव्हा लाकूड गार होतं. एवढ्या उन्हातही.

सगळी लाकडं अंगणात जाळली.

ऑक्टोबरमध्ये लिगाया आतेच्या घरी बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. ती रोज दुपारी बाळाला घेऊन माझ्याकडे येते. मी आता खालीच राहतो. पोती काढली, भिंतींना चुना दिला, खाट टाकली. वर जायला वाट नाही. पिवळी खोली तशीच आहे.

आते म्हणते, "लेकरू सुखरूप आहे. अजून काय हवं तुला?"

खरं आहे. अजून काही नको.

पण तीन वाजले की वरच्या लाकडावर पाऊल वाजतं. एका जागी दोन्ही पाय. श्वास. मग पुढचं. जिथे जिना सुरू व्हायचा त्या काठापर्यंत येतं... आणि थांबतं.

मी तिचा जिना तोडला तेव्हा ती वर होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

लिगायाला ऐकू येत नाही. ती बाळाला थोपटत असते. बाळ मात्र वर बघतं.

मी हाक मारत नाही. मान वर करत नाही. शेजाऱ्याकडे शिडी आहे. मागितली तर लगेच देईल, लावायला दोन मिनिटं लागतील.

अजून मागितलेली नाही.