खिडकी छान आहे

बसा. यंत्र बंद केलंय, दुकानाचं शटरही अर्धं ओढलंय, आता गिऱ्हाईक काही येत नाही. टेबलावरचा हा दिवा तेवढा राहू दे. मला त्याच्या उजेडात बोलायची सवय आहे.

या शहरात घर कुठल्या भागात घ्यावं, असं तुम्ही दुपारी विचारलंत आणि मी मान वर न करता काचा घासत बसलो. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा खडूस आहे. तसा मी आहेच. पण गप्प बसलो ते त्यामुळे नाही. तुम्ही म्हणालात, 'आईला नंतर आणेन, आधी घर बघतो,' आणि माझ्या हातातली काच फुटली. तीस वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय मी. अशी काच फुटत नाही माझ्याकडून.

अकरा वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो. आधीच्या गावातलं दुकान बंद पडलं, इथे काम मिळालं, पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. घरात आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई म्हणाली, "तुम्ही तिघं पुढे व्हा. मला काय, पाठ टेकण्यापुरती जागा असली की झालं." मी म्हटलं, "बस्तान बसलं की लगेच न्यायला येतो. महिनाभर कळ काढ." आम्ही निघालो त्याच सकाळी तिने आपली बॅग भरून दाराशी ठेवली. तपकिरी बॅग, पितळी खटक्याची. मुलगी हसली. म्हणाली, "आजी, महिना आहे अजून." आई म्हणाली, "असू दे. ऐनवेळी माझ्यामुळे खोळंबा नको."

इथे घरं दाखवणारी एक बाई मिळाली. चपट्या चपला, हातात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, चालणं असं की मागे पळावं लागायचं. एका दिवसात तिने तीन घरं दाखवली. पहिलं ऐसपैस होतं, चौघांना पुरून उरेल असं. पण तिथून कामाला यायचं म्हणजे आज निघायचं आणि उद्या पोचायचं. दुसरं इथून दहा मिनिटांवर. स्वयंपाकघरात उभं राहून झोपायच्या खोलीची खिडकी लावता येत होती. बायको म्हणाली, "अहो, इथे कूस बदलायची तरी सगळ्यांना विचारून बदलावी लागेल."

तिसऱ्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिसरा मजला, भरपूर ऊन, दोन मोठ्या खोल्या आणि आत आणखी एक. शाळा समोरच, दुकान चालत वीस मिनिटं. भाडं ऐकून मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. बाकीच्या घरांच्या निम्मं होतं. बाईने नळ सोडून दाखवला, कपाटं उघडून दाखवली. शेवटी आतल्या खोलीचं दार उघडलं, पण स्वतः आत गेली नाही. अंग चोरून बाजूला उभी राहिली.

"ही आतली खोली," ती म्हणाली. "बघा तुम्हीच."

खिडकीपाशी लाकडी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. अंगात करड्या लोकरीचा स्वेटर, पायात बूट, मांडीवर बॅग आणि बॅगेवर दोन्ही हात. बाहेर जायला तयार होऊन बसावं, तशी. खोलीत दुसरं काही नव्हतं. पेटीत वर्षभर ठेवलेल्या लोकरीचा आणि गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा वास येत होता. तिने आमच्याकडे पाहिलं, तिघांकडेही, आणि पुन्हा दाराकडे बघत राहिली.

मुलीने तोंड उघडलं. "बाबा, ही..."

मी तिचा हात दाबला. नुसता धरला नाही, दाबला. ती गप्प झाली.

एवढंच केलं मी. यात कोणाला मारलं नाही, कोणाचं लुबाडलं नाही. पण आजही हे सांगताना मान वर होत नाही माझी.

बायको बराच वेळ त्या खोलीत बघत होती. मग घसा साफ करून म्हणाली, "खिडकी छान आहे."

"हो," मी म्हटलं. "उजेड चांगला येतो."

बाहेर आल्यावर बाईने कागद पुढे केले आणि पेन स्वतःच्याच हातात धरून ठेवलं. "काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

"बहुतेक लोक विचारतात. विचारलं की मी त्यांना दुसरं घर दाखवते." तिने पेन दिलं. "मागचं कुटुंब सगळं सामान घेऊन गेलं. तसं त्यांनी लिहून दिलंय."

मी मनाशी म्हटलं, मागच्या लोकांची कोणी असेल, नेतील एकदोन दिवसांत. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो बघा. आठवड्याने सामान घेऊन आलो, तेव्हा ती तिथेच होती. तेच बूट, तीच बॅग. बायकोने काही न बोलता दार ओढून घेतलं. त्या खोलीला आम्ही 'अडगळ' म्हणू लागलो. तिच्यात अडगळ मात्र कधी ठेवली नाही.

तिचा त्रास काही नव्हता. खाणं नाही, पिणं नाही, हाक नाही. एक आवाज तेवढा यायचा. जिना त्या खोलीच्या भिंतीला लागून होता. जिन्यावर पावलं वाजू लागली की आतून आवाज यायचा, खट्. बॅगेचा खटका लावल्याचा. पावलं आमच्या दारावरून पुढे, वरच्या मजल्यावर गेली की जरा वेळाने पुन्हा, खट्. उघडल्याचा. दिवसातून किती जण जिना चढतात, हे मला त्या घरात कळलं.

सुरुवातीला मुलगी त्या दारासमोर पाण्याचा पेला ठेवायची. मी एकदा म्हटलं, "पाय लागून सांडेल कोणाच्या तरी." दुसऱ्या दिवसापासून पेला बंद झाला. मुलं लवकर शिकतात हो.

आईचा फोन दर रविवारी यायचा. महिना झाला, दोन झाले, पाच झाले. आतली खोली अशी असताना आईला आणून झोपवायचं कुठे? आणि आणलं तर ती काय गप्प बसणार होती? पहिल्याच दिवशी विचारलं असतं तिने, ही कोण? मग आम्हालाही विचारावं लागलं असतं. सहाव्या महिन्यात ती म्हणाली, "जागा झाली का रे?"

"दोनच खोल्या आहेत आई. तिसरी आहे, पण ती मालकाची. बंद असते."

"असं होय. मग राहू दे बाबा. दुसऱ्याच्या जागेला हात लावू नये."

फोनमध्ये तिच्या बाजूने आवाज आला, खट्. त्याच क्षणी माझ्या पाठीमागच्या बंद दाराआडूनही आला, खट्. जिन्यावर तेव्हा कोणी नव्हतं.

त्या दुपारी बायको मुलीला घेऊन बाहेर गेली होती. मी जीव मुठीत धरून आत गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिच्यासमोर वाकून हळूच म्हटलं, "आजी... कोणाला बोलावू का तुमच्या?"

"नको." आवाज अगदी साधा होता, कोणाच्याही आजीचा असावा तसा. "मुलगा येतोय ना. घर बघायला गेलाय."

"किती... किती दिवस झाले?"

"बस्तान बसलं की येणार आहे. म्हणालाय तसं."

मी बाहेर आलो, चप्पल घातली आणि तडक गाडीचा अड्डा गाठला. रात्रभर प्रवासात ठरवत होतो, आईला घेऊन यायचं, पहिलं ते लांबचं घर घ्यायचं, पहाटे चारला उठेन पण तेच घ्यायचं. मनात आलं, अजून वेळ गेलेली नाही. खूप दिवसांनी जरा बरं वाटलं होतं.

सकाळी पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि मला बघून हसल्या.

"काय रे, काही विसरलास का?"

"काकू, आई कुठाय?"

"कुठाय म्हणजे? काल संध्याकाळी तूच नाही का घेऊन गेलास?" काकूंचं हसू हळूहळू मावळलं. "मी इथेच उभी होते. हाक मारली तुला, तू वळलासही नाहीस. बॅग उचललीस आणि पुढे चालायला लागलास. ती बिचारी किती खूश होती... म्हणाली, बघा, आला की नाही?"

काल संध्याकाळी मी गाडीत बसलेलो होतो.

पोलिसांत गेलो. दवाखाने पाहिले, नातेवाईकांना फोन केले, गावाबाहेरची विहीरसुद्धा वाकून पाहिली. दोन दिवसांनी हात हलवत परत आलो. बायकोने दार उघडलं. डोळे सुजलेले होते.

"आत..." ती म्हणाली.

"काय आत?"

"काही नाही." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. खोलीत आता दोन खुर्च्या होत्या. दुसरी खुर्ची आमच्या घरातली नव्हती. तिच्यावर माझी आई बसली होती. ठेवणीतले कपडे, पायात बूट, मांडीवर तपकिरी बॅग.

मी तिच्या पायाशी बसलो. "आई, अगं मी आलोय. चल, आपण दुसरं घर बघू. मोठं बघू. आई..."

तिने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण मायेने. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघू लागली.

"मुलगा येतोय माझा," ती म्हणाली. "घर बघायला गेलाय."

मी तिचा हात धरायला गेलो. हातात काही आलं नाही. लोकरीचा वास तेवढा बोटांना लागला. मी ओरडणार होतो, शेजारीपाजारी गोळा करणार होतो, सगळ्यांना दाखवणार होतो की ही बघा, ही माझी आई. तेवढ्यात माझ्या तळव्यात एक लहानसा हात आला आणि त्याने माझा हात दाबला. घट्ट दाबला. मी वर पाहिलं. मुलगी समोर बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"खिडकी छान आहे ना बाबा?" ती म्हणाली.

आणि मी... मी "हो" म्हणालो.

तुम्ही म्हणाल, त्यानंतरही तिथेच राहिलात? राहिलो. आई तिथे असताना घर सोडून जायचं कसं, असं मी लोकांना नाही तरी स्वतःला सांगतो. आणि खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांत भाडं एकदाही वाढलेलं नाही. आता जिना वाजला की दोन आवाज येतात. खट्, खट्. संध्याकाळी मी कामावरून जिना चढतो तेव्हाही येतात. मी दार उघडून आत शिरतो, चपला काढतो आणि जरा वेळाने दोन्ही खटके पुन्हा उघडतात.

म्हणून सांगतो, घर कुठेही घ्या. लांब घ्या, काडेपेटीएवढं घ्या, एखाद्याला जमिनीवर झोपवा. पण दार उघडल्यावर जे दिसेल ते विचारा. आणि आईला आधी आणा.

चला, उठू या आता. मलाही घरी जायला हवं. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी बावीस वर्षांची झाली, तिला दुसऱ्या मोठ्या शहरात नोकरी लागलीय. मागच्याच महिन्यात गेली, तेव्हापासून मी एकटाच असतो. जाताना म्हणाली, "बाबा, मी पुढे जाऊन घर बघते. बस्तान बसलं की तुम्हाला न्यायला येते." गुणाची पोर आहे. मी त्याच दिवशी माझी बॅग भरून ठेवली.

काल तिचा फोन आला. म्हणाली, घर मिळालं, अगदी ऑफिसजवळ. मी विचारलं, "माझ्यापुरती जागा आहे का गं?"

ती म्हणाली, "एक खोली आहे बाबा, पण ती मालकाची आहे. बंद असते."

"असं होय," मी म्हटलं. "मग राहू दे."

फोन ठेवला आणि आतल्या खोलीतून आवाज आला. खटक्याचा नव्हता. फरशीवरून खुर्ची ओढल्याचा होता, आधी एक, मग दुसरी. दोघी बाजूला सरकून मधे जागा करत होत्या.